वॉटर्लूच्या फलाटावर हरवलेली बासरी

३० एप्रिल १९१९ ची गोष्ट. लंडनमधील मैफल आटोपून एक कुटुंब वॉटर्लू स्थानकावरून आपल्या गावी परत निघाले होते. आई-वडील, चार मुले आणि वाद्यांचे एवढे सामान, की एखाद्या फिरत्या नाटक मंडळीचा मुक्काम हलावा. सामानात सगळ्यांचाच हातभार लागायचा. सर्वांत धाकटा कार्ल, वय वर्षे सात. त्याच्याकडे एक पिशवी होती. गाडी सुटली, पिशवी मात्र फलाटावरच राहिली, आणि मग काही ती सापडली नाही.

प्रवासात पिशव्या हरवतातच. पण या पिशवीत होता पीटर ब्रेसाँ या लंडनवासी फ्रेंच कारागिराने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी घडविलेला रेकॉर्डर. मुलाच्या वडिलांनी तो १९०५ मध्ये एका लिलावात घेतला होता. स्वतःच त्याचे तंत्र शोधून ते तो मैफलींतून वाजवीत असत. इंग्लंडमध्ये त्या काळी दुकानात जाऊन नवा रेकॉर्डर विकत आणावा, अशी सोय नव्हती. असा रेकॉर्डर घडविणाऱ्यांची परंपरा कधीच खंडित झाली होती.

या वडिलांचे नाव आर्नल्ड डॉलमेच. आज जगात कुठेही जुने युरोपीय संगीत त्या-त्या काळच्या वाद्यांवर वाजविले जाते, तेव्हा त्यामागे या माणसाची अर्धशतकाची खटपट उभी असते. त्या संध्याकाळी त्यांचे वय एकसष्ट होते. हरवलेल्या वाद्याची हळहळ करीत उरलेले आयुष्य काढले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

रेकॉर्डर म्हटले की आपल्याला ध्वनिमुद्रणाचे यंत्र आठवते. पण हे नाव त्या यंत्राच्या कितीतरी शतके आधीचे. रेकॉर्डर ही लाकडी बासरी. आपली बासरी आडवी धरतात, ही उभी धरायची. तोंडाशी लाकडाची गुल्ली बसविलेली असते आणि तिच्या वर एक अरुंद फट. फुंकर त्या फटीतून जाऊन समोरच्या धारेवर आपटते आणि स्वर उमटतो. आपल्याकडच्या अलगुजाच्या जातीचेच वाद्य म्हणा ना! पुढच्या बाजूला सात छिद्रे, मागे अंगठ्यासाठी एक. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत ७६ रेकॉर्डर निघाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये हे वाद्य रंगमंचावर येते. हँडेलने त्यासाठी सोनाटा लिहिल्या आणि बाखच्या ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोंपैकी दोहोंत त्याला मानाचे स्थान आहे.

मग असे वाद्य नाहीसे का झाले? रेकॉर्डरचा स्वर गोड, पण लहान. फुंकर जोरात मारली की स्वर चढतो, हळू मारली की उतरतो. त्यामुळे एकाच स्वराचा आवाज लहान-मोठा करायला फारसा वाव नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून दिवाणखान्यातले संगीत मोठ्या सभागृहांत जाऊ लागले. तिथे आडव्या बासरीची सरशी झाली आणि रेकॉर्डर पेट्यांत, माळ्यांवर आणि पुढे संग्रहालयांत जाऊन पडला. त्याच्यासाठी लिहिलेले संगीत कागदावर उरले. वाजवायचे झाले तर ते आडव्या बासरीवर भागवून नेत. तेव्हाच्या जाणकारांचा समज असा की, वाद्ये सुधारत गेली, जुनी मागे पडली, त्यात दुःख कसले? बाखला आजचा पियानो मिळाला असता तर त्याने तोच पसंत केला असता!

डॉलमेच यांचे सारे आयुष्य या समजाशी भांडण्यात गेले.

त्यांचा जन्म फ्रान्समधील ल मां या गावी २४ फेब्रुवारी १८५८ रोजी झाला. वडील पियानो बनवीत. घरालाच लागून कारखाना, त्यामुळे मुलाच्या हाती खेळणी यावीत तशी पटाशी, रंधा आणि कानस आली. वाद्य वाजवण्याआधी ते आतून कसे असते, हे त्याने पाहिले. ही शिकवणी पुढे कोणत्याही विद्यालयातील शिक्षणापेक्षा अधिक उपयोगी पडली. पण मनात कारागीर होण्यापेक्षा व्हायोलिनवादक होण्याची इच्छा होती. ब्रसेल्समध्ये आंरी व्ह्यूताँ या ख्यातनाम वादकाची तालीम त्यांना मिळाली. तिथेच जुन्या वाद्यांवरील एक मैफल त्यांच्या कानांवर पडली आणि मनात कुठेतरी खूणगाठ बसली. १८८३ मध्ये लंडनला नव्यानेच स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ते दाखल झाले. तेथील प्रमुख सर जॉर्ज ग्रोव्ह यांची त्यांच्यावर मर्जी बसली आणि डलिच कॉलेज या शाळेत मुलांना व्हायोलिन शिकविण्याचे काम मिळाले.

इथपर्यंतची कहाणी कुठल्याही बऱ्यापैकी संगीतशिक्षकाची शोभावी अशी. वळण आले ते १८८९ च्या सुमारास. एका जुन्या तंतुवाद्यासाठी रचना शोधण्याकरिता डॉलमेच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात गेले आणि तिथे त्यांच्यापुढे हस्तलिखितांचा खजिनाच उघडला. जेंकिन्स, लॉज, लॉक अशा सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज रचनाकारांच्या कृतींचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. बहुतेक रचना व्हायल या वाद्यासाठी होत्या. व्हायल म्हणजे गुडघ्यांशी धरून गजाने वाजवायचे तंतुवाद्य. बसण्याची तऱ्हा साधारण आपल्या सारंगियासारखी. त्या रचना वाचून डॉलमेच थक्क झाले. पण त्या वाजवायच्या कशावर? व्हायल बनत नव्हते आणि वाजविणारेही नव्हते. व्हायोलिनवर त्या वाजवून पाहिल्या तर त्यांचा जीवच निघून जातो, असे त्यांच्या कानांनी सांगितले.

दुसरा कोणी असता तर त्याने या संगीतावर एक निबंध लिहून विषय संपविला असता. डॉलमेच यांनी मोडकी व्हायल मिळवली, वडिलांच्या कारखान्यातले दिवस आठवून दुरुस्त केली, आणि विद्यार्थ्यांना व आपल्या एलेन या मुलीला ती वाजवायला शिकवली. मग ल्यूट, मग क्लॅव्हिकॉर्ड, मग हार्पसिकॉर्ड अशी एकेक वाद्ये त्यांच्या हातून नव्याने तयार होऊ लागली. १८९० नंतर लंडनमध्ये त्यांच्या मैफली सुरू झाल्या. मेणबत्त्यांचा प्रकाश, मखमली पोशाखातले, दाढीधारी, ठेंगणे डॉलमेच आणि मधूनमधून श्रोत्यांना वाद्याची माहिती देणे, असा थाट असे.

मोठ्या संगीतसंस्थांनी या प्रकाराकडे पाठ फिरवली. दाद आली ती साहित्यिक आणि चित्रकार मंडळींकडून. बर्नार्ड शॉ तेव्हा संगीतसमीक्षक म्हणून लिहीत. त्यांची लेखणी किती तिखट हे सांगायला नको. पण डॉलमेच यांच्या मैफलींविषयी ते आपुलकीने लिहीत राहिले. ‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे कवी येट्स यांना काव्यवाचनाच्या साथीला वाद्य हवे होते, ते डॉलमेच यांनी बनवून दिले. जॉर्ज मूर यांनी तर त्यांच्यावरून ‘इव्हलिन इन्स’ या १८९८ च्या कादंबरीतील एक पात्रच रंगविले.

या सर्वांत जिव्हाळ्याचे नाते होते विल्यम मॉरिस यांच्याशी. यंत्रयुगात हातकारागिरीची प्रतिष्ठा टिकावी म्हणून झटणारा हा कवी आणि कलावंत. त्यांच्या वर्तुळाच्या प्रोत्साहनाने डॉलमेच यांनी आपले पहिले हार्पसिकॉर्ड तयार केले. हिरव्या रंगाने सजविलेले ते वाद्य १८९६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या कला-कारागिरी प्रदर्शनात मांडण्यात आले. त्याच सुमारास मॉरिस अंथरुणाला खिळले होते. डॉलमेच त्यांच्या घरी आपले छोटे व्हर्जिनल्स घेऊन गेले आणि विल्यम बर्ड या जुन्या रचनाकाराच्या दोन रचना त्यांनी ऐकविल्या. मॉरिस आनंदाने एवढे भारावले, की त्या क्षीण अवस्थेत आणखी ऐकणे त्यांना सोसवले नाही. काही दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, ते गेले.

नाव झाले, पण पैसा? त्या आघाडीवर डॉलमेच कायम अडचणीत. हाती आलेली रक्कम जुने वाद्य किंवा पोथी दिसली की संपायची. १९०१ मध्ये त्यांना दिवाळखोरीला सामोरे जावे लागले. घरची घडीही नीट बसलेली नव्हती; दोन विवाह मोडले होते. स्वभाव तापट, मतभेद खपत नसत आणि मैत्री तुटायला वेळ लागत नसे. १९०३ मध्ये त्यांनी मेबल जॉन्स्टन या आपल्या शिष्येशी विवाह केला, तेव्हा कुठे संसाराला स्थैर्य आले. मेबल स्वतः व्हायल वाजवीत, जुन्या नृत्यांचा अभ्यास करीत, आणि नवऱ्याच्या रागालोभासह सारा गाडा ओढीत. सेसिल, नॅथली, रूडॉल्फ आणि कार्ल ही त्यांची चार मुले. या घरात मुलांनी वाद्य शिकावे की नाही, हा प्रश्नच नव्हता. कोणी कोणते, एवढेच ठरवायचे.

पुढची काही वर्षे पोटासाठी देशोदेशी गेली. १९०५ पासून अमेरिकेत बोस्टनच्या चिकरिंग या पियानो कंपनीने त्यांच्या हाताखाली जुन्या वाद्यांचा स्वतंत्र विभाग उघडला. मनाजोगते कारागीर, मनाजोगते लाकूड आणि नियमित पगार! पण व्यापारात मंदी आली आणि तो विभाग बंद पडला. १९११ मध्ये ते पॅरिसच्या गाव्हो कंपनीत गेले. १९१४ चे महायुद्ध पुढ्यात येताच तेही संपले. लंडनला परतल्यावर १९१५ मध्ये त्यांचा सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीत कसे वाजवावे, हे सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लिहिलेल्या स्वरांमागे न लिहिलेले किती असते, लय कुठे लांबवायची, अलंकार कसे घ्यायचे, हे त्यांनी त्या-त्या काळच्या ग्रंथकारांच्या साक्षीने मांडले. आपल्याकडे बंदिश नुसत्या स्वरलिपीवरून गाता येत नाही, हे कोणीही सांगेल. युरोपला आपल्याच जुन्या संगीताबाबत ही गोष्ट नव्याने सांगावी लागली.

युद्धकाळात लंडनवर हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा हे कुटुंब सरे परगण्यातील हेझलमिअर या गावी राहायला गेले. ‘जेसेस’ नावाचे घर आणि आवारातच कार्यशाळा. वॉटर्लूच्या त्या संध्याकाळी गाडी जात होती ती याच गावाकडे.

आता पुन्हा त्या हरवलेल्या पिशवीकडे येऊ.

वाद्य गेले होते, पण त्याची मापे डॉलमेच यांच्यापाशी होती. त्यांनी ठरविले, नवा रेकॉर्डर आपणच घडवायचा. ऐकायला हे सोपे वाटते. व्हायल, ल्यूट, हार्पसिकॉर्ड त्यांनी केली होती; पण फुंकून वाजवायचे वाद्य ही निराळीच विद्या. रेकॉर्डर बाहेरून कातून काढणे हे कातारी कामातल्या कोणाही वाकबगार माणसाला जमेल. खरी मेख आत असते. आतली पोकळी सरळ नळीसारखी नसते. ती टोकाकडे निमुळती होत जाते, आणि त्या निमुळतेपणात केसभर फरक पडला तरी खालचे स्वर आणि वरचे स्वर आपसांत जुळत नाहीत. पोकळी कोरायला त्या आकाराची हत्यारे आधी स्वतः करून घ्यावी लागतात. तोंडाजवळची फट आणि समोरची धार यांचे नाते तर त्याहून नाजूक. एक हात जास्त फिरला की आवाज घोगरा, एक कमी की दबका. शिवाय लाकूड श्वासाच्या ओलाव्याने फुगते, त्याचाही हिशेब ठेवायचा. मापे कागदावर असतात. ती का तशी आहेत, हे कागद सांगत नाही. ते लाकूड वाया घालवूनच कळते.

डॉलमेच यांनी लाकूड भरपूर वाया घालविले. प्रयत्नामागून प्रयत्न फसले. अखेर एक रेकॉर्डर असा उतरला, की ज्याच्या स्वराने त्यांच्या कानांचे समाधान झाले. मग मात्र ते एकावर थांबले नाहीत. जुन्या काळी रेकॉर्डरचे सबंध कुटुंब असे: बारीक आवाजाचा, मध्यम, त्याखालचा आणि खर्जाचा. त्यांनी ते सारे कुटुंब उभे केले. आजच्या वाद्यांबरोबर जमावे म्हणून आजच्या स्वरपट्टीतलेही घडविले. १९२५ च्या ऑगस्टमध्ये हेझलमिअरला जुन्या संगीताचा पहिला उत्सव भरला, आणि पुढच्याच वर्षी उत्सवात लहानमोठ्या रेकॉर्डरांचा ताफा एकत्र वाजला.

अर्थात, हे वाद्य एकट्या डॉलमेच यांनी जिवंत केले म्हणणे इतरांवर अन्यायाचे होईल. इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत काही हौशी मंडळी आधीपासून जुने रेकॉर्डर वाजवीत होती, अभ्यासक त्यावर लिहीत होते. पण जुना नग जपून वाजविणे वेगळे आणि नवा नग हवा तितक्यांदा घडविता येणे वेगळे. वाद्य सार्वजनिक होते ते दुसऱ्या गोष्टीने. हेझलमिअरला आलेल्या पीटर हार्लान या जर्मन वाद्यनिर्मात्याने रेकॉर्डर मायदेशी नेला आणि नवशिक्यांसाठी छिद्रांची रचना सोपी केली. त्या सोपेपणाने एक स्वर सुलभ झाला आणि दुसरे काही बिघडले. डॉलमेचपंथीयांना ते कधीच रुचले नाही. तरी जर्मनीतील मुलांच्या हाती वाद्य गेले ते त्याच वाटेने. इंग्लंडमध्ये एडगर हंट यांनी ते शाळाशाळांतून शिकविले आणि १९३७ मध्ये रेकॉर्डरवादकांची संस्था स्थापन झाली.

वयाच्या सत्तरीनंतर डॉलमेच यांना मान मिळू लागला. १९२८ मध्ये त्यांच्या कार्याला आधार देण्यासाठी डॉलमेच फाउंडेशन निघाले. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने निवृत्तिवेतन दिले, १९३८ मध्ये फ्रान्सने सन्मानित केले, १९३९ मध्ये डरहॅम विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. शिष्य दूरदूरचे होते. त्यांतले मार्को पॅलिस तर व्हायल शिकून हिमालयात गंगोत्री परिसरात गिर्यारोहणाला आले, पुढे बौद्ध धर्माचे अभ्यासक झाले आणि तरीही व्हायल त्यांनी सोडली नाही.

या साऱ्यात डॉलमेच निर्दोष होते असे नव्हे. त्यांच्या मैफलींत मध्येच वाद्य सुरात लावत बसण्याने श्रोते कंटाळत. तालीम अपुरी असे. सत्तरी उलटल्यावर त्यांनी क्लॅव्हिकॉर्डवर केलेल्या बाखच्या ध्वनिमुद्रिकांत चुकलेले स्वर सहज ऐकू येतात. जुने जसेच्या तसे हवे, असा आग्रह धरणारा हा माणूस हार्पसिकॉर्डमध्ये स्वतःच्या डोक्यातल्या सुधारणा मात्र बिनदिक्कत करी. पुढच्या पिढीतील वादक आणि कारागीर त्यांच्या कितीतरी पुढे गेले. डच वादक फ्रान्स ब्रुगेन यांनी ब्रेसाँसह जुन्या कारागिरांचे मूळ रेकॉर्डर असे काही वाजविले, की हे शाळकरी वाद्य आहे, असे म्हणण्याची कोणाची छाती राहिली नाही. पण पुढे जाण्यासाठी आधी वाट लागते. ती वाट काट्याकुट्यांतून पाडणारा माणूस अंगावर ओरखडे घेऊनच निघतो.

आणि सात वर्षांचा कार्ल? ज्याच्या हातून वाद्य हरवले, त्याचेच आयुष्य त्या वाद्याला वाहिले गेले. १९३९ मध्ये लंडनच्या प्रतिष्ठित विग्मोर हॉलमध्ये त्याने रेकॉर्डरवादन केले. समकालीन रचनाकारांकडून त्याने या वाद्यासाठी नव्या रचना लिहवून घेतल्या. वडिलांनी ते पाहिले; पुढच्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९४० रोजी, हेझलमिअर येथे आर्नल्ड डॉलमेच यांचे निधन झाले. वय ब्याऐंशी. थोरला रूडॉल्फ महायुद्धात १९४२ मध्ये समुद्रप्रवासात बुडाला आणि जबाबदारी कार्लवर आली. युद्धानंतर त्यांच्या कार्यशाळेने प्लास्टिकचे स्वस्त रेकॉर्डर काढले. जगभरातल्या कितीतरी मुलांची संगीताशी पहिली ओळख अशा रेकॉर्डरवरच झाली. कार्ल डॉलमेच १९९७ पर्यंत जगले.

जाता जाता त्या पिशवीतल्या ऐवजाचे काय झाले, तेही सांगायला हवे. काही वर्षांनी ब्रेसाँचा तो रेकॉर्डर एका जुन्या-पुराण्या वस्तूंच्या दुकानात सापडला आणि डॉलमेच यांच्या घरी परत आला. आनंद झालाच असणार. पण एव्हाना त्याच्यावाचून काही अडत नव्हते. त्याची भावंडे घराघरांत वाजू लागली होती.

पेटीत जपलेली वस्तू एका क्षणाच्या विसराळूपणाने जाऊ शकते. ती घडविण्याची विद्या एकदा हातात उतरली आणि दहा जणांच्या हाती दिली, की ती कुठल्या फलाटावर विसरता येत नाही. आपल्या घरांतही आजीच्या हातचे, आजोबांच्या कसबाचे असे काही ना काही शेवटच्या नगावर येऊन ठेपलेले असते. ते कपाटात ठेवायचे, की त्याची मापे घेऊन, चार वेळा चुकून, पुन्हा करून पाहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. डॉलमेच यांनी एकसष्टाव्या वर्षी काय ठरविले, ते आपल्याला ठाऊक आहे.